बापूंच्या कागदाची मुदत

आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी
३० ऑक्टोबर २००३

॥ खंडोबा प्रसन्न ॥

सोमेश्वर,

आशीर्वाद. मोठ्या बहिणीला ते द्यावेच लागतात, म्हणून पहिल्याच ओळीत देऊन मोकळी होते.

तुझी भाऊबीजेची ओवाळणी पोचली. तीन वर्षं तू येत नाहीस, मनीऑर्डर येते. मी रिकाम्या पाटाला ओवाळते आणि सही करून पैसे घेते. यंदा मनीऑर्डर नव्हती, जाड लिफाफा होता. पोस्टमन दगडोबाला वाटलं लग्नाची पत्रिका आहे. "आक्का, फोडून तरी बघा, कोनाचं लगीन हाय?" म्हणाला. फोडला, तर आतून गुळगुळीत रंगीत कार्ड निघालं. 'संपूर्ण आरोग्य तपासणी. स्त्रियांसाठी, वय चाळीसच्या पुढे. रक्त, लघवी, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी, पोटाची सोनोग्राफी. मुदत एक वर्ष. रक्कम भरलेली आहे.' खाली तुझी सही आणि तुझ्या औरंगाबादच्या तपासणी केंद्राचा शिक्का.

दगडोबा हलेना. मी म्हणाले, भावानं साडी धाडली. तो कार्डाकडं बघून म्हणाला, "लई बारीक पोताची दिसते," आणि सायकलवर टांग टाकून गेला. आता गावभर झालं असेल.

लोकांचे भाऊ बहिणीला लुगडं देतात, नसेल ऐपत तर चोळीचा खण देतात. माझ्या डॉक्टर भावानं मला सुया टोचून घ्यायची पावती दिली. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुला गोवर आला, कांजिण्या आल्या, मुदतीचा ताप आला, तेव्हा कोणती पावती होती रे माझ्याकडं? कपाळावर हात ठेवून मला कळायचं, आज शाळेत धाडायचं की नाही.

मी येणार नाही. एक्कावन्न वर्षांची आहे. पहाटे उठते, दोन विहिरी चढते-उतरते, पन्नास भाकरी एका बसण्यात थापते. चांगल्या चालत्या माणसाला धरून त्याच्यात रोग हुडकायचा, हा उद्योग तू कर. माझ्यावर नको. बापूंच्या वेळी एकदा झाला, तेवढा पुरे.

ओवाळणी परत करू नये म्हणतात, नाहीतर ह्याच लिफाफ्यातून तुझं कार्ड तुला धाडलं असतं. देव्हाऱ्यात ठेवलं आहे. म्हणजे तुझ्या दाजींनी ठेवलं, मी लांबून सांगितलं.

प्रतिक्षाला आशीर्वाद. तिला म्हणावं, नवऱ्याला विचार, तुला तरी साडी घेतली का.

सत्यशीलाआक्का


१७ नोव्हेंबर २००३

सोमेश्वर,

तुझं चार पानी पत्र आलं. तीन वर्षांत पहिलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं. दोनदा वाचलं. चार पानांत आक्का कशी आहेस हे एकदाही नाही, तपासण्यांची नावं मात्र सतरा आहेत.

तू लिहितोस, 'रोग लक्षण दाखवायच्या आधीच पकडावा लागतो. बापूंचं सहा महिन्यांनी पुन्हा केलं असतं तर सापडलं असतं.' बरं. मग तीन महिन्यांनी का नको? दर सोमवारी का नको? माणसानं शेत कधी करावं आणि जेवावं कधी?

एक गोष्ट कबूल करते, कारण मी हिशेबी बाई आहे, जमेची बाजू दाबून ठेवत नाही. शेषराव गुरुजींना शाळेतल्या शिबिरात बीपी निघालं. त्यांना काहीच होत नव्हतं. दंडाला पट्टा बांधला, फुगवला, दोन मिनिटांत कळलं. रोज एक गोळी खातात, आता पोरांना पहिल्यापेक्षा जोरात झोडपतात. ते चांगलं झालं. पट्टा मीही बांधून घेतला तेव्हा, ठीक निघालं. तेवढ्याला माझा विरोध नाही. माझा विरोध तुझ्या शिक्क्याला आहे.

हो, शिक्क्यालाच. तू औरंगाबादला बसून विसरला असशील, मी नाही.

बापूंनी तीस वर्षं हिंगोलीच्या मोंढ्यात मापाडी म्हणून हळद मोजली. दरसाल वजनमापाचा साहेब यायचा, काटा तपासायचा आणि शिक्का मारून जायचा. शिक्का असला की पुढचं वर्षभर त्या काट्यावर कोणी शंका घ्यायची नाही, अडत्यानंही नाही आणि शेतकऱ्यानंही नाही. काटा जरा कुरकुरला तरी बापू म्हणायचे, "शिक्का हाय ना? मंग गप ऱ्हाय." काम सोडून ते माझ्याकडं राहायला आले, तरी डोक्यातला मोंढा सुटला नव्हता.

नव्व्याण्णवच्या चैत्रात तू त्यांना नेलंस. तुझं केंद्र नवीन होतं, पहिलं माणूस बाप असावं असं तुला वाटलं. त्यात तुझी माया होती, ती मी कधी नाकारली नाही. परत आले ते इंग्रजी कागद घेऊन. ओळीनं सगळीकडं नॉर्मल, नॉर्मल. बापूंनी बाजारात जाऊन तो कागद प्लास्टिकमध्ये घालून आणला आणि खंडोबाच्या फोटोशेजारी टांगला. येईल त्याला दाखवायचे. "सोम्यानं शिक्का मारला. फुडच्या चैत्रापस्तोर मी खरा!"

दिवाळीत घास अडकायला लागला. मी दवाखान्यात चला म्हणलं की भिंतीकडं बोट. "मुदत हाय आजूक." मोंढ्यातल्या माणसाला मुदतीच्या आत काटा पुन्हा तपासून घेणं म्हणजे आपणच आपल्या काट्यावर शंका घेणं. मुदत संपली तोवर पाणीही उतरत नव्हतं. आषाढात गेले.

तेराव्याला पाहुण्यांसमोर मी म्हणाले, तुझ्या कागदानं बाप खाल्ला. तू ताट सरकवून उठलास, उष्ट्या हातानं एसटीत बसलास. ते वाक्य मी मागे घेत नाही.

आता तपासणी कशी असते ते सांगते. तुझे दाजी दुसरी नापास. पण संध्याकाळी मेंढरं रानातून आली की काटेरी कुंपणाच्या वाड्याच्या तोंडाशी उभे राहतात. एकेक मेंढी आत सोडतात, प्रत्येकीच्या पाठीवरून हात जातो. शंभर मेंढरं, पण रोज. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं, काय बघता? म्हणाले, "म्होरल्याईला काय बघायचं? मागं कोन राहून राहिलं ते बघायचं. रोज म्होरं असनारी आज मागं काहून, एवढंच." त्यांच्या मेंढीला मुदत नसते.

हे तुझ्या सतरा नावांत कुठं बसतं का बघ.

सत्यशीलाआक्का


२ डिसेंबर २००३

चि. सोमेश्वर,

एसटीडीवाल्या रूपसिंगचा निरोप आला की डॉक्टरसाहेबाचा फोन आहे, धा मिनिटांनी पुन्हा लावणार आहे. मी गेले नाही. त्याच्या टपरीत पाच माणसं बाकावर बसून दुसऱ्याचं बोलणं ऐकत असतात. आणि तू काय विचारणार ते मला माहीत होतं. तू प्रतिक्षाला सांगितलंस म्हणे की आक्का हट्टी आहे. आहे. माझ्या हट्टानं तू डॉक्टर झालास. बापू तुला मोंढ्यात घालणार होते.

मी बरी आहे. गुडघा जरा धरतो, ते वयाचं आहे. पित्तानं जेवण कमी झालंय, तेही वयाचंच. बांगड्या सैल होतात म्हणून जुन्या, लहान मापाच्या काढल्या, त्यात वाईट काही नाही, पेटीत पडूनच होत्या.

परवा चंपाषष्ठी झाली. तुझ्या दाजींनी तळी भरली. भंडारा इतका उधळला की म्हातारी मेंढीसुद्धा पिवळी होऊन फिरत होती. 'येळकोट येळकोट' ओरडून त्यांचा घसा बसलाय, दोन दिवस घरात शांतता आहे. पुरणपोळीचा नैवेद्य शेजारच्या द्वारकाबाईनं केला. मी अंगणातून हात जोडले.

मार्गशीर्षाचे गुरुवारही यंदा माझ्या हातून होत नाहीत. सत्तावीस वर्षांत चारही गुरुवार कधी चुकले नव्हते. घट द्वारकाबाईच मांडते, पोथी मी ओट्यावर बसून पाठ म्हणते, ती आतून ऐकते. दिवा तुझे दाजी लावतात. वात इतकी जाड करतात की देवाच्या तोंडाला काजळी लागते.

द्वारकाबाईनं पहिल्या गुरुवारी मला विचारलं, मी सांगितलं, तर पदर तोंडाला लावून हसली. काय म्हणाली ते तुला लिहिण्यासारखं नाही. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "सत्यशीला, किती दिस झाले गं?" मी म्हणाले, तू घट मांड.

असो. देवाला सगळं कळतं, त्याला जवळून सांगावं लागत नाही.

तू पुन्हा कार्डाचं लिहू नकोस. मुदत पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आहे, माझ्या लक्षात आहे. मुदती माझ्या चांगल्या लक्षात राहतात.

सत्यशीलाआक्का


२२ डिसेंबर २००३

सोमेश्वर,

तुझं कार्ड मिळालं. उघडं पोस्टकार्ड, त्यावर एकच ओळ: 'आक्का, देवाला दिवा हल्ली दाजी का लावतात?'

तुला लाज कशी वाटली नाही? दगडोबानं ते वाचलं असणार. वाचून त्याला काही कळलं नसेल, पण तुला कळलं हे मला कळलं, आणि मी दिवसभर चुलीपुढून उठले नाही. तू माझा धाकटा भाऊ. तुझी लंगोटी मी धुतली. बाईनं देवापासून कशासाठी लांब बसायचं असतं हे तू आईविना घरात वाढल्यामुळे लहानपणीच शिकलास, कारण त्या चार दिवसांत मी तुला शिवायची नाही आणि तू चुलीवर भात करपवायचास. आठवण चांगली ठेवलीस.

म्हणून लिहिते. लिहायला सोपं नाही.

माझं ते सगळं बापू गेले त्याच साली बंद झालं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आता बारा महिने देवाची पूजा. यंदाच्या नवरात्रात घटाची माती चाळताना पुन्हा दिसलं. थोडंसं. मला वाटलं उष्णता. धने-जिऱ्याचं पाणी प्याले. मग दर आठ दिवसांनी. आता रोज. वाहत नाही, डाग असतो. दुखत मात्र काही नाही. दुखत नाही म्हणून मी गप्प बसले आणि देवाला शिवायचं बंद केलं. एवढंच मला शिकवलेलं होतं: असं झालं की लांब बसायचं. किती दिवस झाले तर लांब बसायच्या ऐवजी उठून जायचं, ते कोणी शिकवलं नाही.

आता म्हणशील, बघ, सोनोग्राफीत दिसलं असतं. थांब. दिवाळीत दिसलं असतं, कबूल. पण हेच चैत्रात तपासलं असतं तर चैत्रात काही नव्हतं. तू नॉर्मल लिहून दिलं असतंस, मी तो कागद टांगला असता आणि नवरात्रात डाग बघून म्हणाले असते, मुदत आहे अजून.

हे मला कसं माहीत? कारण हे मी एकदा म्हणालेले आहे.

सोमा, ते इंग्रजी कागद बापूंना वाचून दाखवले कोणी? बापूंना इंग्रजी येत नव्हतं. तू बसस्टँडवरून परत गेलास. मॅट्रिक झालेली मीच. मी ओळीवर बोट ठेवून वाचलं, नॉर्मल म्हणजे ठीक, बापू, सगळं ठीक, आता वर्षभर बघायचं काम नाही. 'वर्षभर' हा शब्द तुझ्या कागदावर नव्हता. खाली तू हातानं मराठीत लिहिलं होतंस, 'काही त्रास झाल्यास लगेच कळवणे.' ते मी वाचलं नाही. सगळं ठीक असताना असलं अशुभ कशाला वाचायचं म्हणून सोडून दिलं.

दिवाळीत बापूंनी भाकरी सोडली आणि दुधात कालवून खायला लागले. मला दिसलं. माझ्या वहीत कार्तिकापासून दूध पावशेरानं वाढलेलं आहे, माझ्याच हातानं लिहिलेलं. मागच्या पत्रात मी लिहिलं की मी दवाखान्यात चला म्हणायची आणि ते भिंतीकडं बोट करायचे. एकदा उलटं झालं होतं. कार्तिकी पौर्णिमेला ते स्वतः म्हणाले, "सत्या, घशाखाली काय तरी आडून राहिलं. सोम्याला कळवू का?" मी भाकरी थापत होते. मागं न बघता म्हणाले, "कशाला पोराच्या जिवाला घोर? मुदत आहे अजून. चैत्रात जाऊ."

माझं ऐकून ते मग भिंतीकडं बोट करायला लागले. भिंतीवरच्या कागदाला जीभ मी दिली.

साडेतीन वर्षं मी हे तुझ्या अंगावर टाकून बसले. उष्ट्या हातानं उठून गेलास त्या दिवसापासून मला ठाऊक होतं.

माफी वगैरे मागत नाही, मोठ्या बहिणीला ते जमत नाही. पण वाक्य मागे घेते. तेवढं घेते.

काल संध्याकाळी मेंढरं आत घेऊन झाली तरी तुझे दाजी वाड्याच्या तोंडाशी उभेच. मी पाण्याची घागर घेऊन येत होते. म्हणाले, "थांब." मी थांबले. घागर काढून घेतली आणि भर अंगणात, द्वारकाबाई बघत असताना, माझ्या पाठीवरून हात फिरवला. सत्तावीस वर्षांत चारचौघांत मला हात लावला नव्हता. म्हणाले, "मनके लागून राहिले हाताला. तू दोन महिने झाले मागं राहून राहिलीस. काहून सांगत न्हाईस?"

मी म्हणाले, मी काय मेंढी आहे का?

"न्हाई," म्हणाले. "मेंढी असतीस तर मी पयल्याच दिशी धरली असती. मानूस म्हनून इचारायला लाजलो."

आक्का


१४ जानेवारी २००४

चि. सोमेश्वर,

तिळगूळ पाकिटात घालते आहे, फुटला तर चुरा खा.

तू लिहिलंस, मी गाडी धाडतो, औरंगाबादला ये, कार्ड आहेच. नाही. कार्ड देव्हाऱ्यातच आहे. आम्ही हिंगोलीला गेलो, सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून, रांगेत बसून. तुझे दाजी बरोबर होते. बायकांच्या खोलीबाहेर घोंगडी पांघरून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईकडं अशा नजरेनं बघत होते की शिपाई म्हणाला, "मामा, काय गिनती करून राहिले का?" मी त्यांना गुपचूप सांगितलं, खाली बघा. म्हणाले, "सवय हाय."

डॉक्टरीणबाई तिशीची असेल. कागद समोर ओढला आणि वर न बघता म्हणाली, "नाव, वय, रूटीन चेकअप का?"

मी खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, "बाई, मी रूटीन नाही. मला तक्रार आहे. आधी ती ऐका, मग काय टोचायचं ते टोचा."

तिनं पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं, नवरात्रापासून. तारखा सांगितल्या, माझ्या तोंडपाठ होत्या. किती, कसा रंग, केव्हा. तुला लिहिताना लाजले, तिला सांगताना नाही लाजले. ती म्हणाली, "बहुतेक बायका इथं येऊन म्हणतात, अंगात कसकस आहे. तुम्ही नीट सांगितलंत." मी म्हणाले, उशिरा सांगितलं. ती म्हणाली, "हो, थोडं उशिरा. पण सांगितलंत."

आतून तपासलं. मी खंडोबाचं नाव घेत छताचा पंखा बघत होते. त्याला चार पाती होती, एक वाकडं होतं. सोनोग्राफीसुद्धा केली. हो, तुझी ती सोनोग्राफी. हसू नकोस. मशीनवर माझा राग कधीच नव्हता. माझी तक्रार ऐकून तिनं मशीन कुठं धरायचं ते ठरवलं. पिशवीचं अस्तर जाड आहे म्हणाली. मग जरासं आतलं काढून बाटलीत घातलं आणि तपासायला नांदेडला धाडलं. पंधरा-वीस दिवस लागतील.

मी विचारलं, वाईट आहे का? म्हणाली, "असू शकतं, नसूही शकतं. तपासल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही."

आपल्या बापूंच्या मोंढ्यातलं बोलणं तिला कुठून आलं कोणास ठाऊक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं भीतीनं. पाठीवर हात ठेवला तिनं. जागा बराबर होती.

बाहेर आले तर तुझ्या दाजींनी चिवडा घेऊन ठेवला होता. घरी येताना एसटीत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "आता मागं राह्यलीस तर मला सांगून मागं ऱ्हायाचं."

आक्का


६ फेब्रुवारी २००४

चि. सोमा,

निरोप आला म्हणून काल पुन्हा हिंगोलीला जाऊन आलो. डॉक्टरीणबाईनं दार लावून घेतलं आणि तुझ्या दाजींनाही आत बोलावलं. बिचाऱ्यांनी चपला बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा.

म्हणाली, वाईट आहे, पण बहुतेक पिशवीच्या आतच आहे, बाहेर पसरलेलं दिसत नाही. नांदेडला पिशवी काढून टाकायची. पुढचं काय ते काढल्यावर ठरेल. बरं होण्यासारखं आहे, पण आता थांबू नका. दाजींनी विचारलं, "किती दिस थांबू नका?" ती म्हणाली, "एक आठवडासुद्धा." तिनं हातानं चिठ्ठी लिहून दिली आणि नांदेडचा तपासणीचा कागद पाकिटात घालून दिला.

तो इंग्रजीत आहे. मला वाचता येतो. मी वाचलेला नाही. पाकीट उघडलेलं नाही.

मी बुधवारी नांदेडला भरती होणार. अकरा तारीख. पाहुण्यांना विचारून नाही, पंचांग बघून नाही. द्वारकाबाई म्हणाली, "आधी शिवरात्र तरी होऊ दे." मी म्हणाले, देवाला माझ्याकडून चार महिने लांबून नमस्कार चाललाय, त्याला आणखी आठ दिवसांनी फरक पडत नाही, मला पडतो.

तुझ्या मनात असेल की शेवटी आक्का दवाखान्यात गेलीच, मग भांडली कशाला. भांडणार. अजून भांडते. तुझ्या कार्डावर मी आले असते तर तुझ्या माणसांनी सतरा तपासण्या केल्या असत्या, आणि त्यांतला एक जण तरी मला 'बाई, काय होतंय?' असं विचारून उत्तराला थांबला असता का? थांबला असता तर तुझं कार्ड चांगलं. नसता तर तो कागद आहे, टांगायच्या लायकीचा. लोकांना बोलावतोस तर बोलव, त्यांचं बीपी बघ, साखर बघ. पण कागद हातात देताना सांगत जा, ह्याला मुदत नाही, हा आजच्या दिवसापुरता आहे, उद्या घास अडकला तर उद्या ये. मराठीत सांग. तोंडानं सांग. खाली बारीक लिहून उपयोग नाही, वाचणारी माझ्यासारखी असली तर ती ओळ गिळते.

बापूंचा कागद मी आज भिंतीवरून काढला. प्लास्टिकच्या आत पाणी शिरून अक्षरं फुगली आहेत. तुझी मराठी ओळ मात्र वाचता येते. ती मी मोठ्यानं वाचली. घरात कोणी नव्हतं, खंडोबा होता.

आता काम सांगते. बहिणीनं सांगितलेलं काम आहे, ओवाळणी समजून कर. बुधवारी सकाळी नऊला नांदेडच्या बसस्टँडवर ये. कार्ड नको, गाडी नको, प्रतिक्षा आली तर तिला घेऊन ये. पाकीट माझ्या थैलीत असेल. ह्या वेळी कागद तू वाच. सगळा वाच, खालची ओळसुद्धा, मला समजेल असा.

तू नाही आलास तर नांदेडचे डॉक्टर वाचतील. मी तुझ्यासाठी थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. थांबण्याचं काय होतं ते मी पाहिलंय.

पण आलास तर वाचून झाल्यावर कागद खाली ठेव. मग माझ्याकडं बघ आणि विचार, आक्का, काय होऊन राहिलंय तुला?

मी सांगेन. सगळं सांगेन.

तुझी,
आक्का